एका चाकाची डोली

वरची वाडी, तळेघर
२८ मार्च २०२४

प्रिय वैजूताई,

होळी झाली. तुझ्या वाटणीची पोळी आईने दुसऱ्या दिवसापर्यंत टोपलीखाली झाकून ठेवली होती, शेवटी ती शेजारच्या भिकाने खाल्ली. वर म्हणतो, वैजूताईला सांगू नका. म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. रेंज अजून टेकाडावरच आहे, आणि मी टेकाडावर गेले की आई घरात एकटी राहते. पत्र चुलीपाशी बसून लिहिता येतं. एसटीचा कंडक्टर ते घोडेगावला पेटीत टाकतो. माणूस भला आहे, वाचत नाही.

आता मुद्द्याचं. गाडी कधी आणतेस? आळ्याच्या बागायतदाराची पोर डिझाइन शिकायला हैदराबादला जाते काय, पीएच.डी.साठी दोन हिवाळे आमच्या घरात राहते काय, आणि शेवटी आजारी माणूस वाहून न्यायच्या आमच्या झोळीला चाक लावते काय, याचं वाडीत अजून हसू होतं. पण हसणारेच विचारतात, गाडी कुठवर आली? आईला आठवड्यातून दोनदा मंचरला डायलिसिसला, रक्त धुवायला न्यावंच लागतं. सडकेपर्यंतची उतरण तू पाहिली आहेस. झोळीला चार माणसं लागतात आणि बदलीला आणखी दोन. कुणी नाही म्हणत नाही, आणि आईला तेच खुपतं. आदल्या रात्रीपासून तिचा जीव खालीवर होतो, की उद्या कुणाचं काम खोळंबणार. तुझी गाडी आली तर पुढे मी आणि मागे भिका, एवढ्यावर भागतं. जानेवारीत आपण रिकामी गाडी आणि मग भाताची पोती भरलेली गाडी उतरवली होती, तेव्हा आई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आणि मग बसायच्या वेळेला तिने काय केलं ते आठवतंय ना? "पाय म्होरं करून मी एकदाच जानार हाय, आन् तवा मला कुनी इचारू नका." तू हसलीस. आमच्याकडे आजारी माणसाला घराकडे तोंड करून नेतात. घराकडे बघत गेलेला घराकडे परत येतो, असं म्हणतात. पाय पुढे फक्त मेलेल्याचे. तुला हे माहीत नव्हतं ते समजू शकते, पण मी याच वाडीत वाढले आणि माझ्याही डोक्यात आलं नाही! मी पुढचा दांडा धरून उभी होते, गाडीत बसणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता.

बैठक उलटी फिरवायची, आठवड्याचं काम आहे, असं म्हणून तू गाडी घेऊन गेलीस. काम अवघड निघालं असेल तर तसं कळव. बैठक आहे तशीच आण. आईचे पाय गोधडीत झाकून मी तिला काहीतरी पटवीन.

तुझी,
रत्ना


हैदराबाद
१५ एप्रिल २०२४

रत्ने,

आधी भिकाला सांग, पोळीचा हिशेब मी आल्यावर करणार आहे.

बैठक उलटी बसली! आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रीने सांगाड्याला नवा आडवा दांडा घातला, पाय ठेवायची पट्टी मागच्या बाजूला घेतली. मी स्वतः बसून संस्थेच्या जिन्याशेजारच्या उतारावरून खाली आले. पोरं शिट्ट्या मारत होती. आता झुंबरमावशी घराकडे बघत जाईल आणि घराकडे बघतच परत येईल.

उशीर का झाला ते सांगते, रागावू नकोस. गाडी होळीच्या सुमारास तयार झाली होती, पण इथे मोठं चर्चासत्र होतं आणि त्यात ती दाखवायची होती. विषयाचं नाव ऐकलंस तर तुला ठसका लागेल: 'डिझाइन-संशोधनाचं निर्वसाहतीकरण'. सोपं करून सांगायचं तर, साहेब गेला पण शिकवायची, मोजायची, दुसऱ्याला मागास ठरवायची त्याची रीत आपल्या विद्यापीठांत राहिली. ती काढून टाकायची कशी, यावर वाद. वाद खोटा नाही हो. मलाही पटतो. आपण जानेवारीत केलेली चूक तीच तर होती. मी उताराचा कोन मोजला, मावशीचं वजन मोजलं, आणि माणूस कुणीकडे तोंड करून घर सोडतो हे विचारलंच नाही.

म्हणून मी तुझं पत्र वाचून दाखवलं. पोळीचा भाग गाळला. तुझं ते वाक्य आलं, की गाडीत बसणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता, आणि सभागृह उठून उभं राहिलं. माझ्या मार्गदर्शक हर्षाली मॅडम, त्यांच्या डोळ्यांत पाणी. आमचे विभागप्रमुख ज्ञानेश्वर सर, ज्यांनी हर्षाली मॅडमच्या कुठल्याही गोष्टीला आजवर मान डोलावली नाही, तेसुद्धा उठून टाळ्या वाजवत होते. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं, माझी पीएच.डी. झाली!

आता एवढंच राहिलंय की गाडी एकदम महत्त्वाची झाली आहे. मॅडम म्हणतात, वाडीच्या ज्ञानातून घडलेली वस्तू आहे, टेम्पोत टाकून पाठवणं बरं दिसत नाही. आधी वाडीची रीतसर संमती घ्या. सर म्हणतात, ही आपली प्राचीन डोली आहे, तिची नीट नोंद झाल्याशिवाय हलवू नका. एक समिती बसली आहे. नुसता उपचार आहे गं. सोबत कागद पाठवते, त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घे आणि उलट टपाली पाठव. पाऊस लागायच्या आत गाडी दारात.

मावशीला नमस्कार.

वैजू


वरची वाडी, तळेघर
६ मे २०२४

प्रिय वैजूताई,

माझं पत्र तू शंभर लोकांपुढे वाचलंस. बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. मला आधी कळलं असतं तर अक्षर तरी नीट काढलं असतं.

कागदाचं सांगते. जानकूकाकाच्या अंगणात सगळी जमली. आपल्या गाडीची बांबूची बैठक त्यानेच विणली होती, म्हणून त्याला वाटतं सभा त्याच्याच अंगणात व्हायला हवी. मी कागद वाचला. 'सामूहिक, मुक्त, पूर्वसूचित संमती' इथपर्यंत आले तेव्हा म्हातारी माणसं डुलक्या काढू लागली होती. जानकूकाका म्हणाला, "आगं पन गाडी आमीच मागतोय ना? मागनाऱ्याची कसली संमती घ्यायची?" याचं उत्तर काय द्यायचं? तुला येतं का?

तरी सगळ्यांनी अंगठे दिले. एकट्या गेणभाऊने दिला नाही. तो म्हणाला, "माझ्या बापानं धरनाच्या वक्ताला अंगठा दिला व्हता. कागद असाच लांबडा व्हता. जिमीन पान्यात गेली. झुंबराला न्यायला मी मध्यान्ह रातीला बी येतो, पन अंगठा मागू नका." आईला उचलायला प्रत्येक खेपेला पुढचा दांडा गेणभाऊच धरतो. त्याच्यावर जोर करायचा तर कुठल्या तोंडाने?

तेव्हा कागद एक अंगठा कमी असा पाठवते आहे. एवढ्याने अडू नये. शेजारीपाजारी नाचणीच्या रोपांच्या जागेवर राब भाजून झाले आहेत, माणसं अजून मोकळी आहेत. पुढच्या महिन्यात मोकळी नसतील.

आईला पत्रातलं एवढंच सांगितलं, की बैठक फिरली. ती खूश आहे. गाडीत बसताना अंगावर काय घ्यायचं यावर तिचा विचार चालू आहे.

तुझी,
रत्ना


हैदराबाद
४ जून २०२४

प्रिय रत्ना,

तुझं पत्र हातात आलं त्या दिवसापासून लिहायला बसते आणि उठते. आता लिहितेच.

तो एक अंगठा नडला. समितीपुढे कागद ठेवला, तर हर्षाली मॅडम म्हणाल्या, एकाने जरी नकार दिला तरी त्या नकाराचा मान राखला पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि साहेबात फरक काय? मी सांगितलं, की गेणभाऊंचा नकार गाडीला नाही, कागदाला आहे. त्या म्हणाल्या, 'वैजयंती, त्यांच्या नकाराचा अर्थ तू लावू नकोस.' तेवढ्यात ज्ञानेश्वर सर उठले. त्यांच्या मते गेणभाऊंनी परदेशी चाकच नाकारलं आहे. डोली हजारो वर्षांची आहे, पूर्ण आहे, तिला सायकलवाल्या साहेबाच्या देशातलं चाक लावून आपण तिचा अपमान केला. साहेबाला घालवायचं दोघांच्याही मनात आहे, रत्ना. एकाला वाटतं तो माझ्यात लपलाय, दुसऱ्याला वाटतं तो चाकात लपलाय.

हसू नकोस, पण आवारात गेणभाऊंच्या नावाचे फलक लागले आहेत. 'गेणभाऊंचा नकार, आमचा नकार.' एका बाजूला डाव्या संघटनेच्या पोरांनी लावलाय, दुसऱ्या बाजूला सरांच्या पोरांनी. मागच्या आठवड्यात दोघांची धक्काबुक्की झाली. दोन्हींकडे घोषणा तीच होती, त्यामुळे कोण कुणाला मारतंय ते सुरक्षारक्षकाला कळेना.

आणि एक वाईट बातमी. सरांनी चाक काढून घेतलं. सांगाडा आता प्रदर्शनाच्या दालनात काचेमागे आहे, 'भारतीय ज्ञानपरंपरेतील वाहन' अशा पाटीखाली. चाक आणि ब्रेक कुठल्या तरी कोठीत आहेत. मी किल्ली मागितली तर म्हणाले, समितीचा निर्णय होऊ दे.

मॅडमवर चिडावं म्हटलं तर तेही जमत नाही. त्या परवा मला म्हणाल्या, 'तुझ्या गाडीने एक होईल. सरकार म्हणेल, यांना गाडी आहे, आता रस्ता कशाला?' मी रात्रभर तळमळले. हे खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

मावशीला पावसाळ्यापुरती आळ्याला आमच्या घरी आण ना. सुदर्शनदादा रोज मंचरला मार्केटला जातो, तो नेईल-आणील. वहिनीलाही मी विचारलंय.

वैजू


वरची वाडी, तळेघर
१० जुलै २०२४

प्रिय वैजूताई,

पाऊस धरून आहे. लावणी चालू आहे. हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे, मेळ लागला नाही तर समजून घे.

आधी गेणभाऊ. फलकाचं त्याला सांगितलं. "माझं नाव हैद्राबादेला? मंग तिकडचं कुनी झोळीला येतंय का?" मग त्याने आपणहून अंगठा दिला. शाई नव्हती, तव्याच्या काजळीवर टेकवून दिला. कागद सोबत आहे. तो कागदाला घाबरतो, हे मी मागेच लिहिलं होतं. तरी आईसाठी दिला, हे तुझ्या मॅडमना सांग.

आळ्याचं म्हणशील तर सुदर्शनदादाचे उपकार आहेत, पण आई ऐकत नाही. तिला आधी शिनोलीला माझ्या मावसबहिणीकडे, लंकाबाईकडे, ठेवून पाहिलं. सडकेवरचं घर, मंचरची गाडी दारात. आठ दिवसांत परत आली. म्हणाली, "दुसऱ्याच्या उंबऱ्यात बसून किती दिवस भाकर मोडायची? तिच्या सुनंला माझं धुनं धुवावं लागतंय." तुमच्या घरी तर ती पाणीसुद्धा मागून प्यायची नाही.

लावणी लागल्यापासून तिने नवंच काढलं आहे. जायच्या दिवशी सकाळी म्हणते, आज बरं वाटतंय, आज नको. बरं वाटत नसतं. पायाला बोट लावलं तर खळगा पडतो. पण चिखलातून सहा माणसं उठवायची म्हटलं की ती भिंतीकडे तोंड करून निजते. माणसं येऊन दारात उभी राहतात, ती डोळे उघडत नाही. मागच्या आठवड्यात एकदाच गेली. डॉक्टर माझ्यावर ओरडले. त्यांनी तरी आणखी काय करायचं?

तुझी गाडी येत नाही हे बघून जानकूकाकाने एक केली. भिकाच्या सायकलचं चाक, बांबू, वरती पहिल्यासारखीच नवी विणलेली बैठक, घराकडे तोंड केलेली. दिसायला छान झाली होती. मी पुढे, भिका मागे. ओढ्याच्या वरच्या उतरणीवर चाक चिखलात रुतलं, भिकाने रेटा दिला आणि आरे मोडले. ब्रेक नव्हताच. आई बैठकीसकट बाजूच्या कारवीच्या झुडपात पडली. मनगट सुजलंय, मोडलं नाही. तिथेच पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "तुला लागलं का?" जानकूकाका दोन दिवस जेवला नाही.

मॅडमना सांग, रस्त्याचं त्यांचं बरोबर आहे. रस्ता मागून मागून आमच्या वाडीची पायताणं झिजली. मीच तीन अर्ज लिहिले आहेत. रस्ता यायचा तेव्हा येऊ दे, तोवर आईने कुठे थांबायचं तेवढं त्यांनी सांगावं.

आणि ताई, एक मनात ठेवत नाही. गाडी होळीला तयार होती. तू ती चर्चासत्रासाठी ठेवून घेतलीस. मला ते एप्रिलमध्येच कळलं होतं. तेव्हा बोलले नाही, कारण मलाही वाटलं, पंधरा दिवसांनी काय होतंय.

रत्ना


हैदराबाद
२० जुलै २०२४

रत्ना,

तू लिहिलंस ते खरं आहे.

गेणभाऊंचा कागद मी त्याच दिवशी नेऊन दिला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला, काजळीचा ठसा निरखून पाहिला. आणि म्हणाल्या, 'फलकांचं कळल्यावर दिलेली संमती मुक्त म्हणता येत नाही. त्यांच्यावर आपलं दडपण आलंय.' मी त्यांच्यापुढे रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वाईट बाई नाही गं ती. वाईट असती तर सोपं होतं.

सरांकडे गेले. पंधरा ऑगस्टला त्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन आहे, कुणी मंत्री येणार आहेत. त्याआधी सांगाडा हलणार नाही आणि चाक तर मुळीच लागणार नाही. 'नंतर बघू.' मी म्हटलं, सर, एक बाई आजारी आहे. तर म्हणाले, 'पूर्वी काय माणसं आजारी पडत नव्हती?'

मिस्त्रीला म्हटलं, दुसरी बनव, पैसे मी देते. त्याला लेखी बजावलंय, की वाद मिटेपर्यंत या आराखड्यावर काम करायचं नाही. तो तीन मुलांचा बाप आहे, त्याला कसं भरीला घालू? सुदर्शनदादाने ओळखीच्या वेल्डरला विचारलं. त्याला नुसत्या फोटोवरून ब्रेक जमेना, आणि मोजमापं माझ्याच संगणकावर असून उघडत नाहीत, संस्थेने माझं खातं थांबवलंय. पीएच.डी. सोडते असंही सांगून पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, 'सोडलीस तर तुला बोलायचाही हक्क उरणार नाही.' काचेच्या दालनासमोर मी तासभर उभी होते. फोडावी असं खूप वाटलं. फोडून चाकाविना सांगाडा घेऊन काय करणार होते?

काल मात्र दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. काय ठरलं ते लिहिताना मला लाज वाटते. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा चर्चासत्र घ्यायचं, आणि त्यात वाडीच्या वतीने तू बोलायचंस. येण्याजाण्याचं एसी तिकीट देणार. तू स्वतःच्या तोंडाने मागितलीस तर गाडी द्यायची का, यावर मग विचार करायचा. मॅडमनी निरोप दिलाय, की शक्य असेल तर तुझ्या आईलाही घेऊन ये.

मावशीला एवढंच सांग, की वैजूच्या हातात काही नाही. नको, ते नको सांगूस. तुला सुचेल ते सांग.

वैजू


वरची वाडी, तळेघर
३० जुलै २०२४

ताई,

टेकाडावर जाऊन आले. पावसाने टॉवर बंद आहे, दोन दिवस फोन लागतच नाही. म्हणून हे पत्र भिकाबरोबर एसटीकडे धाडते.

तुझं पत्र आलं तेव्हा आई जागी होती. आता आडवं झालं की तिला धाप लागते, म्हणून भिंतीला टेकून बसूनच असते. पाकीट बघितलं आणि म्हणाली, "वाच. गाडी कवा येती म्हनती?"

मी मनात वाचलं आणि तोंडाने दुसरंच वाचलं. तूच लिहिलं होतंस, सुचेल ते सांग. मी वाचलं, की चाक बसवलं, सगळं झालं, नागपंचमीच्या आत टेम्पोने गाडी तळेघरला उतरवते. मला वाटलं, तिच्या जिवाला उभारी येईल. एकदा जायला तयार झाली की गाडी नसली तरी झोळीत बसेल. याच्या पुढचा विचार मी केला नाही.

उभारी आली, ताई. इतकी आली की मला बघवेना. भाकरी मागून खाल्ली. माझ्याकडून केस विंचरून घेतले. पेटीतलं हिरवं लुगडं बाहेर काढायला लावलं. भिकाला म्हणाली, मागचा दांडा तू नीट धर, गेल्या खेपेसारखं करू नको. किती तरी दिवसांनी आमच्या घरात हसणं झालं.

काल लावणी उरकली. आज सकाळी गेणभाऊ, जानकूकाका आणि आणखी चौघं झोळी घेऊन दारात आले, कुणी बोलावलं नव्हतं. गेणभाऊ म्हणाला, "झुंबरा, आता शेतं झाली. आता लाजायचं काम न्हाई. चल." आईने मला सगळ्यांना चहा करायला सांगितलं. मी चहा केला. ते प्यायले. आणि मग तिने त्यांना परत पाठवलं. "माझी गाडी येतीया. लई दिस तुमच्या मानंवर बसले, आता न्हाई बसनार. तुमी मोकळं झाला."

मी किटली खाली ठेवली. मी सगळ्यांदेखत सांगितलं, की आई, गाडी येत नाही. मी खोटं वाचलं. वैजूताईच्या हातात काही नाही, ती गाडी काचेत ठेवली आहे. मी तिच्या पायाशी बसून सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसली. "मला झोळीत घालाया आता खोटं बोलतीस व्हय गं? कागदात काय हाय ते मी ऐकलंय."

जानकूकाकानेही सांगून पाहिलं. तिला वाटलं त्यालाही मीच पढवलंय. गेणभाऊने तिला उचलायला हात घातला तर तिने छपराखालची मेढ धरली, सुजल्या मनगटाने धरली. "जबरदस्ती करू नका रं, इतके दिस कुनी केली न्हाई." गेणभाऊने हात सोडला. मग सगळे झोळी पडवीत ठेवून गेले, म्हणाले, हाक मार, लगेच येतो.

मी तीनदा हाक मारली. ते तीनदा आले. ती बसत नाही.

आता दारात लुगडं नेसून बसली आहे. सडकेवर हॉर्न वाजला की मला बघायला पाठवते. मी जाते. परत येऊन गाडी नाही असं सांगते, आणि ती म्हणते, "येईल. पाऊस लई हाय खालती."

चर्चासत्राचं मला काही सांगू नकोस. गाडीसुद्धा आणू नकोस. तू तेवढी ये, जमेल तितक्या लवकर, आणि तिच्यासमोर बसून सांग की गाडी येणार नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. एवढं सांगायला तरी कुणाची संमती लागत नसेल ना?

रत्ना